कीबोर्डची बटणं कपड्याच्या रंगात कशी रंगवावीत

खान्देशातल्या दुकानांत पॉलिस्टरच्या साड्या येतात त्या तापीच्या खालच्या अंगाच्या सुरतेहून. ते कापड ज्या डिस्पर्स रंगात रंगतं, तोच रंग कीबोर्डच्या पीबीटी बटणांनाही चढतो, कारण पीबीटी हे पॉलिस्टरच्याच घराण्यातलं प्लास्टिक. म्हणून दुकानात नुसता ‘कपड्याचा रंग’ मागू नका. सुती कापडाची पुडी इथे कामाची नाही, तो रंग धुताना निघून जातो.

बटणं पीबीटीची आहेत की एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची, हे आधी तपासा. ग्लासभर पाण्यात कच्चा बटाटा तरंगेल इतकं मीठ विरघळवा. बटण उलटं धरून बुडवा, आतला हवेचा बुडबुडा बोटाने काढा आणि सोडा. एबीएस वर येतं, पीबीटी तळाशी बसतं. लांब स्पेसबार मात्र वेगळा तपासा. बाकीची बटणं पीबीटीची असली तरी तो बऱ्याचदा एबीएसचा असतो. माझा असाच एक स्पेसबार गरम पाण्यात धनुष्यासारखा वाकला, आणि तो काही केल्या सरळ झाला नाही. एबीएस निघालं तर बाजूला ठेवा. लॅपटॉपची बटणं तर काढूच नका, त्यांच्या बारीक चिमट्या तुटतात.

कीबोर्डचा फोटो काढा, मग बटणं उपसा. साबणाच्या कोमट पाण्यात घासून धुवा. बोटांचं तेल राहिलं तर तिथे डाग पडतो.

रंग फक्त गडद होतो, फिका कधीच होत नाही. पांढऱ्या बटणांवर काळी अक्षरं असतील तर हळदी किंवा केळीच्या कोवळ्या पानासारखा पोपटी घ्या, अक्षरं वाचता येतील.

जुनं स्टीलचं पातेलं घ्या, ते पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, पूड उडते म्हणून नाकाला रुमाल बांधा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे फिल्टरचं घ्या. मी लिटरला एक चहाचा चमचा पूड घेतो. ती आधी थोड्या गरम पाण्यात कालवून फडक्यातून गाळतो, नाहीतर गुठळ्यांचे ठिपके उमटतात. भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका.

पाणी ८५ ते ९० अंशांवर ठेवा, खळखळ उकळू देऊ नका. आधी एकच बटण टाका, स्क्रोल लॉकसारखं बिनकामाचं. दर ५ मिनिटांनी काढून, धुऊन, उजेडात बघा. ओलं बटण जरा गडद दिसतं, हे लक्षात ठेवा. छटा पटली की तेवढाच वेळ सगळी बटणं एकदम टाका आणि सतत हलवत राहा. घाण्यागणिक छटा बदलते.

काढल्यावर गार पाण्याने धुवा आणि पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग लागला तर पुन्हा साबणाने धुवा. बटणं सावलीत, खालची बाजू वर करून वाळवा. मे महिन्यातही रात्रभर राहू द्या, कारण मधल्या बारीक खाचेतलं पाणी सगळ्यात शेवटी सुकतं आणि ते थेट स्विचमध्ये उतरतं.