अंगणवाडीतून पहिलीत जाताना: दिव्यांग मुलाच्या बाबतीत या चुका टाळा

अंगणवाडीच्या ताईंना पक्कं ठाऊक असतं: हा नावाने हाक मारली तर ढिम्म बसतो, ताटली वाजवली की लगेच येतो. शू लागली की चड्डीची नाडी ओढतो. जूनमध्ये तेच मूल शंभर पावलांवरच्या जिल्हा परिषद शाळेत जातं आणि ही सगळी माहिती अंगणवाडीतच राहते. पहिलीच्या बाईंच्या हातात पडतं ते फक्त प्रमाणपत्र. त्यावर 'बौद्धिक दिव्यांगत्व, ५० टक्के' असं वाचून बाईंनी उद्या सकाळी नेमकं काय करायचं?

म्हणून पहिली चूक हीच: टक्के पाठवायचे आणि मूल पाठवायचं, त्याची ओळख पाठवायची नाही. एप्रिलमध्येच ताईंजवळ बसा आणि एका कागदावर लिहून काढा: हवं-नको कसं सांगतो, कशाला घाबरतो, रडू लागला तर कशाने शांत होतो, हाताने जेवतो की भरवावं लागतं, फिट येत असेल तर त्या वेळी काय करायचं. लिहिणं जमत नसेल तर मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. वैद्यकीय शब्द नकोत, त्यासाठी डॉक्टरांचा कागद आहेच.

याच्या अगदी उलट वागणारे पालकही भेटतात. शाळा नाव घालणार नाही या धास्तीने ते काहीच सांगत नाहीत. वर्गात पहिली फिट येते तेव्हा बाई घाबरतात आणि मग विश्वास बसायला वर्ष जातं. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागतो. 'आमच्याकडे सोय नाही' असं उत्तर मिळालं तर शांतपणे म्हणा, 'हे लेखी द्या.' एवढ्यावरच पुष्कळदा सूर बदलतो. नाही बदलला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, आणि त्यापुढे पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो. तपासणीसाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या चकरा होतात, त्यामुळे मे संपेपर्यंत थांबू नका. खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग मुलाला ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मात्र त्याला तिथे उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही, हे अनेकांना माहीत नसतं आणि ते तहसीलच्या रांगेत उगाच उभे राहतात. गावच्या शाळेत नाव घालायचं असेल तर प्रमाणपत्रासाठी अडून बसू नका.

'अजून एक वर्ष अंगणवाडीतच राहू दे, बोलायला लागला की घालू.' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडतो. नुसतं थांबून बोलणं येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि नेमकं त्या दिवशी आपलं मूल घरी ठेवलेलं असतं, 'लोक काय म्हणतील' म्हणून. पथकाने पाहिलं तर पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात आणि तिथे वाचा, श्रवण, फिजिओथेरपी सुरू होऊ शकते. तो दिवस चुकवू नका.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत भरणाऱ्या 'पहिले पाऊल'च्या शाळापूर्व तयारी मेळाव्याचंही तेच. वेगवेगळे टेबल मांडलेले, चित्रं, मोजणी, उड्या. आपल्याला जमणार नाही म्हणून आई मुलाला नेतच नाही. न्या. सगळ्या टेबलांवर नाही जमलं तरी चालेल. शाळेचं फाटक, नळ, वर्ग त्याच्या डोळ्यांखालून गेले तरी पुष्कळ झालं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो संडासाचा. अंगणवाडीत मदतनीस ताई हात धरून नेत असत. शाळेत संडास मैदानाच्या टोकाला, कडी उंच. वर्गाला रॅम्प आहे आणि संडासाच्या दाराशी पायरी आहे, अशा शाळा मी पाहिल्यात. मूल रोज ओलं होऊन घरी येत असेल तर त्याला रागावू नका. आधी तिथपर्यंत स्वतः चालून पाहा. बटण-चेनऐवजी इलॅस्टिकची चड्डी शिवून घ्या, दप्तरात एक जोड कपडे ठेवा आणि मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी त्याला सोडायला बाईंना सांगा.

पाऊसही विसरू नका. आपल्याकडे शाळा सुरू होते ती पत्र्यावर सर कोसळत असताना. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला तो आवाज मोठा होऊन ऐकू येतो. स्वमग्न मूल कान झाकून बाकाखाली जातं. हा हट्ट नव्हे. सरीचा जोर असेतोवर शक्य तर पक्क्या छताच्या खोलीत बसवावं. श्रवणयंत्र दमट हवेत बंद पडू शकतं. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि जादा सेल शाळेत देऊन ठेवा.

रडून गोंधळ होत असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून सुरुवातीला दोन तासच बसवा, पण वेळ कधी वाढवायची ती तारीख आधीच ठरवा. नाहीतर दिवाळी येते आणि मूल दोन तासांवरच अडकतं. आईने वर्गात बसण्याचंही तसंच: पहिले चार दिवस शेजारी, मग दाराशी, मग फाटकाबाहेर.

एवढं करूनही अडलं तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या (दिव्यांग मुलांना इतरांसोबतच शिकवण्याच्या) विशेष शिक्षकांना फोन करा, आणि जुलैत एकदा अंगणवाडीच्या ताईंना वर्गात घेऊन जा. एका शाळेत मी ते पाहिलं. ताईंनी डब्याचं झाकण चमच्याने वाजवलं, खिडकीशी महिनाभर पाठ करून बसलेला मुलगा वळला. बाई म्हणाल्या, 'अहो, हे आधी सांगायचं ना!'