हापूस चिरायच्या आधी: साखर आणि आम्ल मोजायची तयारी

यंदा हापूसमधली साखर आणि आम्लं एन्झाइमच्या किटने मोजणार असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, सुरी लागली म्हणून फळ थांबत नाही. गरातलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम सुक्रोज (नेहमीची साखर) फोडून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतच राहतं आणि तुम्ही क्युव्हेट (रीडिंगची छोटी पारदर्शक नळी) शोधत बसता तेवढ्या वेळात सुक्रोज कमी, ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असा खोटा आकडा तयार होतो. म्हणून सगळी तयारी आंबा आढीत असतानाच उरकायची.

आदल्या संध्याकाळी झाकणाच्या 50 मिलीच्या ट्यूबांमध्ये 20-20 मिली 80 टक्के इथेनॉल भरून प्रत्येकीचं वजन लिहून ठेवा, नंबर मार्करने नको, इथेनॉल लागलं की पुसतो, पेन्सिलने लिहिलेली पट्टी चिकटवा. सकाळी 5 ग्रॅमच्या आसपास गर सरळ त्यात, परत वजन, आणि लगेच 80 अंशाच्या वॉटर बाथमध्ये, झाकण सैल आणि आसपास कुठेही ज्योत नको. गर एकाच जागचा घेऊ नका, दोन्ही गालांच्या देठापासून टोकापर्यंत उभ्या पट्ट्या काढा. बाठ्याजवळ पांढुरका, स्पंजसारखा साका दिसला तर तो वेगळा ठेवा, तो आंबट असतो, साखर कमी असते, चमचाभर जरी मिसळला तरी आकडा बिघडतो. आणि चिरणारा माणूस वेगळा, पिपेट धरणारा वेगळा, हे मी फार मनापासून सांगतेय, हापूसचा रस बोटाला लागला की तो टिपवर जातोच.

मग सेंट्रिफ्यूज, चोथा अजून दोनदा धुवायचा, सगळं एकत्र करून इथेनॉल उडवायचं आणि पाण्याने 100 मिली करायचं. पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, खाली बसतो, तो गाळून टाका, गढूळपणा राहिला तर फोटोमीटरचं (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) रीडिंग सरकत राहतं.

किटकडे आदल्या दिवशीच बघा. एन्झाइमची अमोनियम सल्फेटमधली सस्पेन्शन फ्रीजमध्ये ठेवायची, डीप फ्रीझरमध्ये नाही. आमच्याकडे एकदा कुणीतरी काळजी म्हणून साखरेच्या किटमधलं हेक्झोकायनेज एन्झाइम गोठवलं आणि अख्खी बॅच वाया गेली. वापरताना हळू फिरवा, व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) नको. सायट्रिक आम्लाच्या किटमधलं एन्झाइम, सायट्रेट लायेज, पाणी घातल्यावर फार टिकत नाही, त्यामुळे सायट्रिकचे सगळे नमुने एकाच दिवशी बसवा. सायट्रिकमध्ये एनएडीएच, म्हणजे फोटोमीटरला दिसणारा, प्रकाश शोषणारा रेणू, संपत जातं, रीडिंग खाली येतं, सुरुवातीचा आकडा पुरेसा वर आहे ना बघा. मॅलिक आम्लात आणि साखरेत उलट, वर चढतं.

फोटोमीटर अर्धा तास आधी चालू करा, 340 नॅनोमीटर. पिपेट तपासायला 100 मायक्रोलिटर पाणी तराजूवर टाका, 0.1 ग्रॅम यायला हवं. स्टँडर्ड ग्लुकोज (माहीत असलेल्या मापाचं) आणि ब्लँक (नमुना न घातलेलं) प्रत्येक फेरीत, कंटाळा करू नका. हेक्झोकायनेज आणि जी-6-पी (ग्लुकोज-6-फॉस्फेट) डिहायड्रोजनेज टाकलं की ग्लुकोज कळतं, चढ थांबल्यावरच फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज टाका, मग वाढलेलं तेवढं फ्रुक्टोज. हिशोबाला 6.22 हा आकडा भिंतीवर लावून ठेवा, 1 मिलीमोलर एनएडीपीएचला (साखरेच्या किटमध्ये तयार होणारा, एनएडीएचसारखाच रेणू) 1 सेंमी क्युव्हेटमध्ये तेवढा ॲबसॉर्बन्स, म्हणजे प्रकाश शोषल्याचा आकडा. सुक्रोजसाठी आधी इन्व्हर्टेज देऊन एकूण ग्लुकोज काढायचं, त्यातून आधीचं मोकळं ग्लुकोज वजा करायचं. पिकलेल्या आंब्यात सुक्रोज सगळ्यात जास्त असतं म्हणून वजाबाकी चालून जाते, द्राक्षात तीच फसवते, कारण तिथे सुक्रोज नावापुरतं आणि मोकळं ग्लुकोज भरपूर.

डायल्यूशन मात्र दोन ठेवा. साखरेसाठी हाच अर्क 10 ते 20 पट पातळ करावा लागतो आणि आम्लांसाठी बहुतेक तसाच चालतो. ब्रिक्सचा, म्हणजे रसाच्या थेंबावरून रिफ्रॅक्टोमीटर दाखवतो तो, आकडा साखर म्हणून लिहू नका, रिफ्रॅक्टोमीटरला आम्लं आणि बाकीचं विरघळलेलंही साखरेसारखंच दिसतं, पण किती पट पातळ करायचं याचा अंदाज मात्र त्यावरून छान येतो, म्हणून त्याच गराचा एक थेंब बघून वहीत नोंदवा. उरलेला अर्क 1-1 मिली वाटून उणे 20 ला ठेवा, जूनमध्ये एखादं रीडिंग पटलं नाही तर तेच फळ पुन्हा कुठून आणणार.