सिंकचं पाणी हळू जातंय? आधी खालची बाटली उघडा

सिंकमध्ये पाणी साचून राहत असेल तर दुकानातून पावडर आणायच्या आधी ओट्याखाली वाकून बघा. पाईपाच्या सुरुवातीला बाटलीसारखा प्लॅस्टिकचा भाग दिसेल, तो बॉटल ट्रॅप. गाळ बहुतेक वेळा तिथेच असतो: चहाचा चोथा, भाताची शितं आणि त्यांना धरून ठेवणारा तेलातुपाचा पांढरट, बुळबुळीत थर. खाली बादली ठेवा, बाटलीचा तळ हाताने फिरवून काढा, जुन्या टूथब्रशने घासा. रबरी वॉशर बादलीत पडून गाळाबरोबर फेकला जातो, तेवढा सांभाळा. परत बसवताना हातानेच आवळा, पान्याने आटे जातात. मग पाणी सोडून सांध्याला कोरडा कागद लावा; थेंबभर गळती असली तरी कळते.

बाटलीच नसेल, नुसता वळ्यांचा पाईप असेल, तर तो मध्येच लोंबत नाही ना, बघा. लोंबला की तिथे गाळ बसणारच.

सोडा-व्हिनेगरचा फेस दिसायला छान, पण दोघं एकमेकांचाच जोर मारतात. त्यापेक्षा भांड्यांचा साबण घालून गरम पाणी ओता. उकळतं मात्र नको, पीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) पाईप मऊ पडतो.

पाईप मोकळा करायची दुकानातली कॉस्टिकची पावडर आधीच टाकली असेल तर बाटली उघडू नका, ते पाणी कातडी भाजतं. त्यावर ॲसिड तर मुळीच ओतू नका.

सिंकचं पाणी मोरीच्या जाळीतून वर येत असेल तर तुंबलंय पुढच्या लाईनमध्ये. तिथे प्लंबरच हवा.