दार उघडण्याआधी: मित्रमंडळींसाठी माइनक्राफ्टचा खासगी सर्व्हर

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधण्याच्या खेळासाठी स्वतःचा सर्व्हर, म्हणजे ते जग सगळ्यांसाठी चालवणारा प्रोग्राम, उभा करायचा तर त्याची फाइल उतरवून घेणं तयारीच्या माझ्या यादीत बरंच खाली येतं. सगळ्यात वर बॅकअप. चार जण खेळायला लागले की तिसऱ्या दिवशी त्या जगात कुणाचं घर उभं राहतं, कुणी डोंगर पोखरून बोगदा काढतं, आणि ते फोल्डर तुमच्या एकट्याचं राहत नाही. म्हणून ते जग जन्माला येण्याआधीच ते कुठे जपून ठेवायचं, हे ठरलेलं असावं. माझ्या पहिल्या सर्व्हरवर रोज रात्री बॅकअप होत होता. बॅकअपची डिस्क भरली, बॅकअप घेणारी स्क्रिप्ट (आपोआप चालणारी हुकमांची फाइल) मुकाट्याने चालत राहिली, आणि एका रात्री वीज जाऊन जगाच्या काही फाइली बिघडल्या तेव्हा कळलं की गेल्या अकरा रात्रींच्या प्रती शून्य बाइटच्या आहेत. बाराव्या रात्रीचं जग उघडलं. एका मैत्रिणीने त्या अकरा दिवसांत खपून बांधलेलं वाचनालय मात्र परत आलं नाही. ते तिला सांगताना जे वाटलं, त्यामुळे ही यादी या क्रमाने लिहितो आहे.

तर बॅकअपसाठी आधी जागा बघा: जग ज्या डिस्कवर आहे ती सोडून दुसरी डिस्क, आणि जमल्यास एक प्रत घराबाहेर. मग पद्धत. सर्व्हर चालू असताना फोल्डर सरळ कॉपी केलं तर अर्धवट लिहिलेल्या फाइली प्रतीत येऊ शकतात. त्यामुळे आधी ‘सेव्ह-ऑफ’ (आपोआप लिहिणं थांबवा), मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’ (राहिलेलं सगळं डिस्कवर लिहा), मग कॉपी आणि शेवटी ‘सेव्ह-ऑन’ (लिहिणं पुन्हा सुरू), असा हुकमांचा क्रम स्क्रिप्टमध्ये हवा. कॉपी मध्येच फसली तरी ‘सेव्ह-ऑन’ झालंच पाहिजे, अशी स्क्रिप्ट लिहा. ते राहून गेलं तर जग डिस्कवर आपोआप लिहिलं जाणं बंद राहतं आणि सर्व्हर अचानक पडला की त्यानंतरचं सगळं वाया जातं. काही सर्व्हरांत नेदर आणि एंड या खेळातल्या दुसऱ्या दोन जगांची फोल्डरं वेगळी असतात, तीही घेतली जातायत ना हे पाहा. स्क्रिप्टने प्रत किती मोठी झाली हे तपासावं आणि कालच्यापेक्षा ती फारच लहान असेल तर तुम्हाला निरोप पाठवावा. शेवटचं काम बहुतेक जण टाळतात: ती प्रत दुसऱ्या फोल्डरात उलगडा, वेगळ्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक) दुसरा सर्व्हर चालवा आणि आत शिरून चालून बघा. घर दिसलं, पेटी उघडली, आतल्या वस्तू जागच्या जागी असल्या, तरच तो बॅकअप.

खासगी सर्व्हर म्हणजे नेमकं काय, हेही आधी पक्कं करा. माइनक्राफ्ट, व्हॅल्हाइम, टेरारिया, फॅक्टोरिओ या खेळांचे निर्माते सर्व्हरचा प्रोग्राम स्वतःच देतात, तो चालवायला परवानगी असते. दुसरा प्रकार म्हणजे कंपनीने कधीच न दिलेला सर्व्हर बाहेरच्या लोकांनी नक्कल करून बनवणं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाचा नोस्टॅल्रियस नावाचा तसा सर्व्हर, तो खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्डच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६मध्ये बंद झाला आणि लोकांनी वाढवलेली पात्रं एका दिवसात खेळता येईनाशी झाली. खेळाची जुनी आवृत्ती कंपनीने स्वतः आणली ती २०१९च्या ऑगस्टमध्ये. तुमच्या भरवशावर कुणी आपली शंभर तास मेहनत ओतणार असेल तर पायाखालची जमीन तुमची असावी, म्हणून मी पहिल्याच प्रकाराबद्दल लिहितो. तिथेही अटी आहेतच. माइनक्राफ्टचा सर्व्हर पहिल्यांदा चालवला की ‘यूला’ (वापराचा करार) नावाची फाइल तयार करून थांबतो. तीत ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ केल्याशिवाय पुढे सरकत नाही. करार वाचून मगच ते बदला. खर्चासाठी वर्गणी काढायची असेल तर विशेष लक्ष द्या: पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ करणारी शस्त्रं किंवा ताकद विकायला माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजँगच्या नियमांत मनाई आहे.

मशीन निवडताना लोक प्रोसेसरचे कोअर मोजतात. माइनक्राफ्टच्या सर्व्हरचं मुख्य चक्र बऱ्याच अंशी एकाच कोअरवर फिरतं. सेकंदाला २० टिक (खेळाच्या घड्याळाचे ठोके), म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात सगळे प्राणी हलले पाहिजेत, पिकं वाढली पाहिजेत, रेडस्टोनची (खेळातल्या विजेची) यंत्रं फिरली पाहिजेत. ५० मिलिसेकंद उलटले की लॅग जाणवू लागतो: फोडलेला दगड क्षणभर परत येतो, दार उशिरा उघडतं. म्हणून सोळा मंद कोअरपेक्षा चार वेगवान कोअर बरे. डिस्क एसएसडी असावी, कारण चालत्या खेळाडूपुढे नवे चंक (जमिनीचे तुकडे) सतत वाचले-लिहिले जातात. मॉड (खेळात नव्या गोष्टी घालणारे जोड) नसतील तर चार-पाच जणांना २ ते ४ जीबी रॅम पुरते, मोठा मॉडपॅक असेल तर दुप्पट धरा. पण सर्व्हरला किती रॅम द्यायची हे ठरवणाऱ्या ‘एक्सएमएक्स’मध्ये असलेली सगळी रॅम देऊन टाकू नका. ऑपरेटिंग सिस्टिमलाही श्वास घ्यायला जागा लागते. जुना लॅपटॉप वापरणार असाल तर झाकण मिटल्यावर झोपण्याची सोय बंद करा आणि मध्यरात्री आपोआप रीस्टार्ट करणारे अपडेट तुमच्या वेळेला बांधून घ्या. वीज जाण्याचा अनुभव सांगितलाच आहे. छोटा यूपीएस, आणि बॅटरी उतरू लागली की सर्व्हरला ‘स्टॉप’ देणारी व्यवस्था, हे दोन्ही एकत्र हवं.

आता नेटवर्क, जिथे बहुतेकांची पहिली रात्र जाते. सर्व्हरला वायफायवर ठेवू नका, केबल लावा. राउटरमध्ये त्या मशीनसाठी घरातला आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर पत्ता बदलतो आणि कालपर्यंत चालणारं फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरने सर्व्हरकडे पाठवणं) भलत्याच यंत्राकडे जातं. मग पोर्ट फॉरवर्डिंग: खेळाच्या जावा आवृत्तीला टीसीपी २५५६५, बेडरॉक आवृत्तीला यूडीपी १९१३२ (टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती). टीसीपीच्या जागी यूडीपी निवडलं गेल्याने तासभर डोकं खाजवणारे मी पाहिलेत, तेव्हा तो रकाना दोनदा वाचा. मशीनच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही तेच पोर्ट उघडावं लागतं.

एवढं करूनही बाहेरून कुणी आत येत नसेल, तर राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि इंटरनेटला दिसणारा तुमचा पत्ता ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: सेवा देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून दिला आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक केलं तरी उपयोग नाही, कारण दार तुमच्या राउटरच्याही पलीकडे बंद आहे. मग तीन वाटा उरतात. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागून घ्या. किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरच्या खासगी जाळ्यात) सगळ्या मित्रांना जोडा. पाच-सहा जणांच्या कंपूला मला हीच वाट आवडते, कारण यात कुठलंच पोर्ट जगासमोर उघडं राहत नाही. नाहीतर सर्व्हर भाड्याने घ्या. भाड्याने घेताना तो जिथे आहे ते ठिकाण खेळाडूंपासून किती लांब आहे हे आधी बघा. वाढलेला पिंग (संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) रॅम टाकून कमी होत नाही.

सार्वजनिक पत्ता मिळाला, पण अधूनमधून बदलत असेल, तर डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायम चिकटून राहणारं, नाव घ्या, म्हणजे दर वेळी मित्रांना नवे आकडे पाठवावे लागणार नाहीत. चाचणी मात्र घरच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून करू नका. काही राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, आणि सगळं नीट असूनही बंद असल्यासारखं वाटतं. मोबाइलच्या डेटावरून तपासा किंवा दुसऱ्या घरातल्या कुणाला तरी करायला सांगा. इंटरनेटचा वेग पाहताना डाउनलोडच्या आकड्यावर जाऊ नका. तुमचा सर्व्हर लोकांना जग पाठवत असतो, म्हणजे तुमचं अपलोड खर्च होतं, आणि नवा खेळाडू आत येतो किंवा कुणी सुसाट उडत जातं तेव्हा ते सर्वाधिक.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. मूळ खेळ जसाच्या तसा हवा असेल तर मोजँगची अधिकृत फाइल; प्लगइन (फक्त सर्व्हरवर बसणारे जोड) आणि जास्त वेग हवा असेल तर पेपर; मॉड हवे असतील तर फॅब्रिक किंवा फोर्ज. मॉड बहुतेक वेळा प्रत्येक खेळाडूच्या मशीनवरही लागतात, तेव्हा सगळ्यांना ते जमणार आहे का, हे विचारून मगच निवडा. पेपरमध्ये रेडस्टोनच्या काही युक्त्या, जसं टीएनटी या स्फोटकाच्या फुकट प्रती काढणं, मुळात बंद असतात. तुमच्यात यंत्रं बांधणारं कुणी असेल तर त्याला आधी सांगा. जावाची आवृत्तीही जुळायला हवी: खेळाच्या १.१८ला जावा १७ लागलं, १.२०.५पासून जावा २१. तुमच्या आवृत्तीला कोणतं लागतं ते पाहून घ्या. आणि एकदा नव्या आवृत्तीत उघडलेलं जग जुन्या आवृत्तीत धड परत येत नाही. म्हणून आवृत्ती चढवण्याच्या दिवशी आधी वेगळा बॅकअप, मग प्रतीवर चाचणी, मग खरं जग.

‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ ही सेटिंगची फाइल पाच मिनिटांत बदलून होते, पण तिच्यातल्या दोन ओळींवर सगळी सुरक्षा उभी आहे. ‘ऑनलाइन-मोड’ ट्रूच राहू द्या. तो फॉल्स केला की कोण कोण आहे हे कुणी तपासत नाही. तुमचं नाव टाकून भलताच माणूस आत येतो आणि तुमचे सगळे अधिकार वापरतो. दुसरी ‘व्हाइट-लिस्ट’ (फक्त यादीतल्या नावांना प्रवेश), सोबत ‘एन्फोर्स-व्हाइटलिस्ट’. पत्ता कुणाला सांगितला नाही म्हणजे कुणाला सापडणार नाही, असं समजू नका. २५५६५ हे पोर्ट धुंडाळत फिरणारे बॉट इंटरनेटवर सदैव असतात. ‘व्ह्यू-डिस्टन्स’ (खेळाडूला किती चंक लांबपर्यंत दिसतं) मुळात १० असतं. मशीन दमत असेल तर ते ७-८ करा, लॅग हटवण्याचा तो सर्वात स्वस्त उपाय आहे. ‘वर्ल्डबॉर्डर’ या हुकमाने सुरुवातीला सीमा आखा आणि आतले चंक आधीच तयार करून ठेवा. पहिल्या रात्री सगळे चार दिशांना धावतात, आणि नवी जमीन घडवताना सर्व्हरचा जीव जातो. सीमेमुळे बॅकअपचा आकारही आटोक्यात राहतो, आणि माणसं एकमेकांच्या शेजारी घरं बांधतात, जे मला जास्त मोलाचं वाटतं.

सर्व्हर रूट (सर्वाधिकारी) खात्याखाली चालवू नका, त्याच्यासाठी वेगळा साधा वापरकर्ता करा. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली त्रुटी उघड झाली तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाकून सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. दुरुस्ती १.१८.१मध्ये आली. तशा दिवशी सर्व्हर ज्या खात्याखाली चालतो त्या खात्यापुरतीच पडझड व्हावी, आणि दुरुस्ती कुठे जाहीर होते हे तुम्हाला आधीच माहीत असावं. भाड्याच्या मशीनवर पासवर्डने लॉगिन बंद करून एसएसएच की (पासवर्डऐवजी किल्लीची फाइल) वापरा. लांबून हुकूम देण्यासाठी आरकॉन चालू केलंत तर त्याचं २५५७५ पोर्ट बाहेर उघडं ठेवू नका.

माणसांची तयारी लोक शेवटी करतात आणि मग घाईत करतात. ऑप, म्हणजे सर्व्हर सांभाळण्याचा खास अधिकार, चार पातळ्यांचा असतो, आणि काही न बदलता ‘ऑप’ दिलंत तर समोरच्याला सर्वात वरची चौथी पातळी मिळते, सर्व्हर बंद करण्याच्या अधिकारासकट. इतकं बहुतेकांना लागत नाही. तरी आणखी एका माणसाकडे पूर्ण किल्ल्या असाव्यात: सर्व्हर कसा सुरू करायचा, बॅकअप कुठे आहेत, जग परत कसं बसवायचं, हे एका कागदावर लिहून त्याला द्या. तुमची परीक्षा असेल, तुम्ही आजारी असाल, तेव्हा जग बंद पडायला नको. पीव्हीपी (खेळाडूंनी एकमेकांशी लढणं) चालणार का, दुसऱ्याच्या पेटीतून वस्तू घेतलेल्या चालतील का, लहान भावंडं येणार का, हे पहिल्या दिवसाआधी बोलून घ्या आणि ठरलेलं दोन-चार ओळींत लिहून ठेवा. पेपरवर असाल तर ‘कोअरप्रोटेक्ट’ हे प्लगइन पहिल्या दिवसापासून बसवा. कोणता दगड कुणी कधी फोडला याची नोंद ते ठेवतं आणि तेवढंच नुकसान मागे फिरवता येतं. ते नसताना घर पडलेलं दिसलं की मित्र एकमेकांवर संशय घेतात, आणि क्रीपर (खेळातला स्फोट करणारा राक्षस) होता की माणूस, हे सिद्ध करायला काहीच हातात नसतं.

आणि मग रंगीत तालीम. एकाच मित्राला आत घ्या, तो बाहेरच्या नेटवर असावा. अर्धा तास खेळा, त्याला एक खोली बांधायला सांगा. ‘स्टॉप’ देऊन सर्व्हर थांबवा, मशीन रीस्टार्ट करा आणि हात न लावता सर्व्हर आपोआप वर येतो का पाहा. खोली जागेवर आहे ना? आता रात्रीच्या बॅकअपची वाट बघा, सकाळी प्रत उलगडून त्याच खोलीत जाऊन उभे राहा. तिथून बाहेर आलात की व्हाइटलिस्टमध्ये बाकीची नावं घाला.