हेडफोनचा ड्रायव्हर बदलण्यापूर्वी या चुका टाळा

हेडफोनच्या बाबतीत वारंवार दिसणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते: आवाजाची अचूकता ड्रायव्हर नावाच्या, आवाज निर्माण करणाऱ्या चकतीतच भरलेली असते. प्रत्यक्षात ड्रायव्हरमधले चुंबक, व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) आणि पडदा यांच्याइतकेच महत्त्व पडद्याच्या पुढच्या-मागच्या हवेला, मागील छिद्रांवरच्या डॅम्पिंगच्या (हवेची ये-जा आवरणाऱ्या) कागदाला आणि इअरपॅडला असते. यातले काहीही बदलले की तोच ड्रायव्हर वेगळा वाजतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बेस कमी झाला की ड्रायव्हर निकामी झाला असे ठरवणे. एका परिचितांच्या बंद पाठीच्या हेडफोनचा डाव्या बाजूचा बेस नाहीसा झाला होता. त्यांनी नवा ड्रायव्हर मागवून बसवला, तरी फरक पडला नाही. मग जोडी जुळावी म्हणून उजवाही बदलला आणि त्या घाईत डॅम्पिंगचा कागद फाटला, त्यामुळे उजवीकडचा बेस नको तितका घुमू लागला. हेडफोन माझ्याकडे आला तेव्हा डाव्या इअरपॅडची कड मागच्या बाजूने खाचेतून सुटलेली होती. तिथे अंगठ्याने दाबताच बेस परत आला. डावा मूळ ड्रायव्हर पूर्णपणे ठीक होता. बंद हेडफोनमध्ये खालचे स्वर कानापुढच्या कोंडलेल्या हवेच्या दाबातून उमटतात आणि बारीकशी फट राहिली तरी तो दाब टिकत नाही. 50 हर्ट्झजवळ 10 डेसिबलपेक्षा जास्त घट सहज होते. चष्म्याची काडी आणि झिजलेले इअरपॅड यांमुळेही हेच घडते.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी हलक्या आवाजात 200 पासून 20 हर्ट्झपर्यंत सावकाश उतरणारा स्वर ऐकतो आणि दोन्ही कप तळहातांनी किंचित दाबून पाहतो. दाबल्यावर बेस वाढला, तर हवा गळते आहे. त्यानंतर हेडफोन उलटा घालतो: दोष त्याच कानाकडे राहिला, तर ड्रायव्हरवर संशय घेण्याचे कारण नाही. स्वर उतरताना खरखर ऐकू आली, तर अनेकदा पडद्याला टेकलेला एखादा केस सापडतो. एवढे तपासायला फार वेळ लागत नाही, तरीही नवशिक्यांना सोल्डरिंगची घाई असते, आणि व्हॉइस कॉइलच्या केसासारख्या तारा त्या घाईतच तुटतात.

दुसरी चूक आलेख वाचण्यातली आहे. कृत्रिम कानावर मोजलेल्या आलेखात 3 किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसला की तो दोष मानून इक्वलायझरने (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) सपाट केला जातो. आपली कानाची पाळी आणि कर्णनलिका त्या पट्ट्यातला आवाज स्वाभाविकपणे 10 डेसिबलपेक्षा जास्त वाढवतात, त्यामुळे कानाच्या पडद्याशी तो उंचवटा असायलाच हवा; तो काढला की माणसाचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2013 च्या सुमारास हरमन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत श्रोत्यांवर चाचण्या घेऊन जी लक्ष्यरेषा, म्हणजे आलेख कसा असावा याचा नमुना, मांडली, तिच्यातही हा उंचवटा आहे. शिवाय 8 किलोहर्ट्झच्या वरची बारीक शिखरे हेडफोन जरासा सरकला तरी बदलतात, म्हणून एकाच मापनावर विसंबून तिथे दुरुस्ती करणे मला पटत नाही. मी हेडफोन अनेकदा काढून-घालून घेतलेल्या मापनांची सरासरीच पाहतो.

मोठा ड्रायव्हर अधिक अचूक, ही समजूतही सोडावी. पडदा जितका रुंद, तितके त्याला वरच्या स्वरांत न लवचता एकसंध हलवणे कठीण होते. म्हणूनच सेन्हायझरने 2009 च्या एचडी 800 मध्ये 56 मिलिमीटरच्या ड्रायव्हरचा पडदा कड्याच्या आकाराचा ठेवला. बेरिलियमसारखे हलके आणि ताठ द्रव्य उपयोगी असते, पण नुसत्या मुलाम्याच्या उल्लेखावरून काहीही सिद्ध होत नाही.

खोक्यावरची ‘5 ते 40,000 हर्ट्झ’ ही नोंद, किती डेसिबलच्या फरकात ते सांगितलेले नसेल, तर निरर्थक आहे. स्रोताचा, म्हणजे फोन किंवा अँप्लिफायरचा, आउटपुट इम्पीडन्स (विद्युत अवरोध) हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. डाव्या-उजव्या ड्रायव्हरची जुळणी मात्र मी चांगल्या बांधणीची खरी खूण मानतो. मोनो, म्हणजे दोन्ही कानांना सारखाच दिलेला, आवाज डोक्याच्या मध्यातून सरकत असेल, तर आधी डाव्या-उजव्या वाहिन्या अदलाबदल करून पाहावे.

इक्वलायझरने बेस 10 डेसिबलने वाढवणे म्हणजे तिथे दहापट शक्ती मागणे होय. पडद्याची हालचालही तिपटीहून जास्त होते आणि तिच्याबरोबर विरूपण (आवाजातला बिघाड) वाढते, म्हणून मी वाढवण्याऐवजी बाकीचे स्वर खाली आणतो आणि मग एकूण आवाज पुरेल तितकाच ठेवतो.