घरमालक दुरुस्ती लांबवतोय? भाडं अडवण्याआधी या चुका टाळा

बाथरूमच्या छताला ओल येते, मालकाला फोन होतो, तो ‘बघतो’ म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. दोन-तीन महिन्यांनी पोपडे गळायला लागले की भाडेकरू वैतागून भाडं थांबवतो. सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. दुरुस्तीचा वाद बाजूला राहतो आणि मालकाच्या हाती थकबाकीचं आयतं कारण लागतं. थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवसांनी तो ताब्यासाठी दावा लावू शकतो. ओल तोवर जिथल्या तिथेच असते.

आपण भाडेकरू की लायसन्सी, हे न पाहणं

बोलताना सगळेच ‘भाड्याने राहतो’ म्हणतात. कायदा मात्र फरक करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ दुरुस्तीबद्दल आहे आणि ते भाडेकरूला लागू पडतं: पागडीचं घर (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन अल्प भाड्याने घेतलेलं), जुनी चाळ, रीतसर भाडेपट्टा. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे घर वापरायच्या नुसत्या परवानगीवर राहणारा लायसन्सी या कायद्याच्या अर्थाने सहसा भाडेकरू नसतो. त्यामुळे ‘दुरुस्ती करून भाड्यातून वळते करा’ हा मित्राचा सल्ला त्याच्या अंगाशी येऊ शकतो. लायसन्सीचं बळ करारात असतं. मोठी दुरुस्ती कोणाची, लॉक-इन (करार मोडता येत नाही ती मुदत) किती, नोटीस किती दिवसांची, ही कलमं आधी वाचा. सही व्हायची असेल तर एक ओळ घालून घ्या: ‘गळती, वायरिंग व मुख्य नळजोडणीची दुरुस्ती लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत न झाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही व अनामत पूर्ण परत मिळेल.’ करार झाल्यावर ही ओळ कोणी घालून देत नाही.

करारच नोंदवलेला नसेल तर? कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लेखी, नोंदवलेला करार नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.

कलम १४ अर्धवट वापरणं

घर राहण्यालायक ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, पण करारात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणून इथेही आधी करार वाचा. मग किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा किंवा मालकाकडून वसूल करायचा.

गफलत होते ती मर्यादेत. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त चालत नाही. भाडं महिना ८,००० रुपये असेल तर वर्षाचे ९६,००० आणि वळते फार तर २४,०००. पागडीत महिना ५०० भरणाऱ्याला मात्र वर्षाला १,५०० रुपयेच मिळतात, त्यात संडासाचा पाइपही धड बदलत नाही. अशा वेळी इमारतीतल्या भाडेकरूंनी मिळून नोटीस द्यावी आणि एकत्र काम काढावं. कायद्याला ते मान्य आहे, खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो.

हिशेब आणि पावत्या जपून ठेवा, खर्चाचा पुरावा म्हणून कायदा त्याच धरतो. ‘प्लंबरला रोख दिले’ एवढ्यावर भागत नाही. बिलावर घराचा पत्ता, कामाचं वर्णन आणि तारीख लिहून घ्या. ओल काढता काढता नवीन टाइल्स बसवल्या, तर तो खर्च दुरुस्तीचा नाही, हौसेचा.

फोनवर बोलून गप्प बसणं

व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘ओके’ उपयोगी आहे, पण नोटीस कागदावर जाऊ द्या. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि प्रत स्वतःजवळ ठेवा. मजकूर नेमका हवा. ‘घरात खूप लीकेज आहे’ असं नको. असं लिहा: ‘१२ जूनपासून बाथरूमच्या छताच्या दाराकडील कोपऱ्यात सुमारे दोन फूट बाय दीड फूट ओल आहे. २० जूनला तिथलं प्लास्टर पडलं. गिझरच्या प्लग पॉइंटला पाणी पोचत असून तो आम्ही बंद ठेवला आहे.’ ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहा आणि दर आठवड्याला तिथूनच फोटो काढा. रेघेबाहेर सरकलेली ओल फोटोत दिसली की ‘ते जुनंच आहे’ म्हणायला जागा उरत नाही.

गळती कुठली हे न शोधता भांडणं

अनेकदा मालकही अडकलेला असतो, कारण पाणी वरच्या फ्लॅटमधून येतं. आधी वेळ बघा. फक्त पावसात गळत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेत ते काम सहसा सोसायटीचं. दिवसरात्र थेंब पडत असेल तर वरच्यांना विचारून त्यांचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. गळणं थांबलं तर दाबाच्या पाण्याची लाइन फुटली आहे. वरच्यांच्या अंघोळीनंतरच गळत असेल तर नहाणीचं तोंड बंद करून फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ तास साठवायला सांगा. खाली रंग उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलंय. तसं न होता नहाणीत थेट पाणी ओतल्यावर गळलं तर ट्रॅपचा, म्हणजे नहाणीखालच्या वळणदार पाइपचा सांधा. हे दोन्ही वरच्या फ्लॅटधारकाचं काम. तुमच्या मालकाने सोसायटीला सदस्य म्हणून पत्र द्यायला हवं. भाडेकरूच्या पत्राला कमिटी फारसं जुमानत नाही.

छताच्या सळया उघड्या पडल्या असतील, स्लॅबला पोट आलं असेल, तर नोटिशीचे दिवस मोजत बसू नका. खोली रिकामी करा आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या. मुंबईत धोकादायक बांधकामावर पालिका मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली कारवाई करते. तिथल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येतात.

पाणी-वीज तोडल्यावर तडजोड करणं

दुरुस्तीचा तगादा लावला म्हणून मालकाने पाणी किंवा वीज बंद केली, तर तो वेगळा आणि गंभीर मामला आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय आवश्यक सेवा तोडता येत नाहीत. भाडेकरूला त्या पुन्हा सुरू करून देण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, अंतरिम म्हणजे तात्पुरता आदेशही मागता येतो. मुंबईत लघुवाद न्यायालयात जायचं. त्या महिन्यांचं भाडं बँकेतून भरत राहा, म्हणजे थकबाकीचा मुद्दा निघणार नाही.

प्लंबरला दार न उघडणं

मालकाने माणूस पाठवला, तुम्ही ऑफिसात होतात, असं दोनदा झालं की तो लिहून कळवतो, ‘भाडेकरूच सहकार्य करत नाही.’ नोटिशीतच दोन तारखा आणि वेळा देऊन टाका. माणूस येऊन नुसता बघून गेला, तर त्याच संध्याकाळी मालकाला मेसेज करा: आज अमुक वाजता प्लंबर आला, काम झालं नाही, पुढची तारीख कळवा.