हौशी बँडचा पहिला कार्यक्रम: गाणं उचलण्यापासून वायरी गुंडाळण्यापर्यंत

नवा बँड स्टेजवर फसतो, तो वाजवता येत नाही म्हणून सहसा नाही. कॉर्ड्स (एकदम वाजणारे सुरांचे गट) पाठ असतात, बोल पाठ असतात. घोळ होतो गाणं उचलताना, थांबवताना आणि दोन गाण्यांच्या मधल्या चाळीस सेकंदांत. घरी एकट्याने रियाज करताना या जागा येतच नाहीत, म्हणून त्यांची तयारी राहून जाते. पुढचं बरंचसं त्याच जागांबद्दल आहे.

आधी माणसं. ड्रम्स किंवा कहोन (हातांनी वाजवायची लाकडी पेटी), बेस गिटार, एक साधी गिटार, कीबोर्ड आणि गायक एवढ्यांत छान बँड होतो. दोस्तांपैकी अजून एकाला गिटार येते म्हणून दुसरी गिटार आली, तर तिला वेगळं काम द्या. दोघं एकाच जागी तेच कॉर्ड वाजवत असतील, तर फक्त आवाज वाढतो. पहिला उघड्या जी कॉर्डवर असेल, तर दुसऱ्याने पाचव्या घरावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डीचा आकार धरावा. सूर तोच, पण वरचा, त्यामुळे दोन्ही गिटार वेगळ्या ऐकू येतात. कीबोर्डवाल्यांना मात्र एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते: बँडमध्ये बेस असेल तर डावा हात आवरा. बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, गिटारची ८२ च्या. डावा हात नेमका त्याच पट्ट्यात घुसतो, आणि मग सगळं गढूळ वाजतं. त्यावर मिक्सरवर पुरता उपाय नाही.

बँड सुरू करतानाच तीन जबाबदाऱ्या वाटून टाका. गाण्यांबद्दल वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, पैशांचा हिशेब कोणाकडे आणि आयोजकांशी फोनवर कोण बोलणार. तिन्ही एकाच्याच गळ्यात पडली, तर सहा महिन्यांत तो वैतागतो. पैसे मिळाले की आधी भाड्याचा साउंड आणि गाडी, मग तारा-काड्यांसाठी थोडे बाजूला, उरलेले समान. वाद्य महाग आहे म्हणून जास्त वाटा, हा हिशेब एकदा सुरू झाला की थांबत नाही.

पट्टी ठरवताना मूळ ध्वनिमुद्रणाचा मोह सोडा. गाण्यातला सर्वांत वरचा सूर शोधा आणि तालमीच्या शेवटी, गळा थकलेला असताना, गायकाला तो दोनदा लावायला सांगा. ताण दिसला की पट्टी एक-दोन घरं खाली घ्या. गायक 'काळी एक' म्हणाला, म्हणजे गिटारवाल्याचं सी शार्प. त्याला पहिल्या घरावर कॅपो लावून सीचे आकार धरता येतात किंवा चौथ्या घरावर लावून एचे. कीबोर्डवाला ट्रान्स्पोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारं बटण) अधिक एकवर ठेवून सीमधून वाजवतो, आणि इथेच सापळा असतो. पुढचं गाणं आलं तरी ट्रान्स्पोज तसाच राहतो, आणि पहिल्याच कॉर्डला अख्खा बँड एकीकडे तर कीबोर्ड अर्ध्या सुराने दुसरीकडे. म्हणून यादीत प्रत्येक गाण्यासमोर चार गोष्टी लिहा: पट्टी, कॅपोचं घर, ट्रान्स्पोजचा आकडा आणि लय. अक्षर एवढं मोठं, की जमिनीवर ठेवलेला कागद उभ्याने वाचता आला पाहिजे.

यादी

४५ मिनिटांचा वेळ मिळाला तर ९ गाणी धरा. चार मिनिटांच्या हिशेबाने ३६ मिनिटं, मधल्या आठ जागा चाळीस सेकंदांच्या धरल्या तर आणखी पाच मिनिटं वीस सेकंद. उरलेली तीनेक मिनिटं सुरुवातीच्या उशिरात जातातच. तयार मात्र १२ ठेवा, आणि वेळ कमी पडला तर कोणती दोन गाळायची त्यांवर आधीच खूण करा. स्टेजवर कुजबुजत ठरवू नका, समोरच्यांना ते फार वाईट दिसतं.

पहिलं गाणं सर्वांत भारी नको. त्या वेळी हात थरथरत असतात, गळा उघडलेला नसतो, आणि साउंडवालाही अजून आवाज जुळवत असतो. डोळे मिटून वाजवता येईल असं मध्यम लयीचं गाणं तिथे ठेवा. एकाच कॅपोची गाणी शेजारी ठेवली तर मधली धावपळ निम्मी होते. आणि लागोपाठ दोन गाणी न थांबता जोडता येत असतील, तर जोडाच.

तालीम

तालमीला गाणं शिकायला यायचं नाही. शिकून यायचं, इथे फक्त जोडायचं. हा एक नियम पाळला तर अडीच तासांत खूप होतं. अवघड गाणं आधी घ्या, कारण तासाभरानंतर कान थकतात. शेवटची चाळीस मिनिटं पूर्ण यादी न थांबता, चुकलं तरी न थांबता. थांबून दुरुस्त करायची सवय लागलेला बँड स्टेजवरही थांबतो.

फोनवर रेकॉर्ड करा, पण फोन ड्रमपासून तीनेक मीटर लांब ठेवा. जवळ ठेवला तर झांजांखेरीज काही कळत नाही. ते रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच रात्री ऐकलं तर प्रत्येकाला फक्त आपलंच वाद्य ऐकू येतं.

आता सुरुवात. 'एक, दोन, तीन, चार' म्हणायचं कोणी आणि कोणत्या लयीत? ड्रमर काड्या वाजवून मोजतो हे खरं, पण घाईत त्याची लय चढलेली असते. तालमीत मिनिटाला ९२ ठोक्यांवर बसलेलं गाणं स्टेजवर १०० वर निघतं, आणि मग अंतऱ्यात गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. उपाय सोपा आहे. ड्रमरने आधी मेट्रोनोमच्या (लय दाखवणाऱ्या यंत्राच्या) दिव्याकडे पाहावं, मुखड्याची एक ओळ मनात म्हणावी आणि मगच काड्या उचलाव्यात. ओळ म्हणताना बोल कोंबावे लागले तर लय जास्त आहे. दादऱ्यासारख्या सहा मात्रांच्या गाण्याला चारची मोजणी देऊ नका, 'एक-दोन-तीन, चार-पाच-सहा' अशीच द्या. मुखडा समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी उचलत असेल तर गायक नेमका कोणत्या मात्रेवर येणार हे सगळ्यांना पाठ हवं. नाहीतर अर्धा बँड गायकाच्या पहिल्या शब्दालाच सम समजतो.

शेवट त्याहून नाजूक. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत गाणं हळूहळू विरत जातं. स्टेजवर ते जमत नाही, त्यामुळे अशा गाण्याला नवा शेवट बसवावा लागतो. समेवर सगळ्यांनी एकदम तोडणं हा सर्वांत सुरक्षित प्रकार. लय सैल करत थांबायचं असेल, तर सगळ्यांनी एकाच माणसाच्या हाताकडे पाहायचं, आणि तो माणूस बेसवाला नको, कारण तो बहुतेक वेळा मागे असतो.

तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर संपवणं) घेतली तर शेवट खणखणीत होतो, पण ती मोजून बसवा. चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे १६ मात्रा. पाच मात्रांचा तुकडा मध्ये जागा न सोडता तीनदा घ्यायचा असेल, तर तिसऱ्या मात्रेवर उचला. पहिला तुकडा ३ ते ७, दुसरा ८ ते १२, तिसरा १३ वर सुरू होतो आणि त्याचा शेवटचा घाव बरोबर समेवर पडतो. आधी सगळ्यांनी नुसते हात वाजवून दहा वेळा करा, मग वाद्यं घ्या. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या आठ ओळी वेगळ्या घोटाव्यात, हे कंटाळवाणं काम कोणी करत नाही आणि फरक तिथेच दिसतो.

साउंड

छोट्या जागेत आवाजाची पातळी साउंडवाला ठरवत नाही, ड्रम ठरवतो. त्याच्यावर माइकही लागत नाही, तरी तो सगळ्यांच्या वर असतो. म्हणून आधी ड्रमरला नेहमीच्या जोरात वाजवू द्या, त्यावर गायकाचा आवाज आरामात येईल एवढा ठेवा, आणि बाकीच्यांना त्या दोघांच्या मध्ये बसवा. गायक दबला तर गिटार कमी करायची. गायक वाढवत नेला तर माइक शिट्टी मारायला लागतो.

ही शिट्टी येते कुठून? माइकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून निघतो, परत माइकमध्ये शिरतो, आणि फेरी वाढत जाते. म्हणून मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. गायकाचा मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) ठेवताना माइकचा प्रकार बघा. शुअर एसएम५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीच्या दिशेने. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद कोनात ऐकणारा) असेल तर मॉनिटर थोडा तिरका, कारण त्याचा बहिरा कोन बाजूला सरकलेला असतो. माइकची जाळी मुठीत धरून गाऊ नका. मागची छिद्रं झाकली की माइक चारी बाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी ठरलेलीच. गायकाच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, हँडल धरल्याची धडधड आणि 'प', 'भ' चे फटके बरेच कमी होतात.

अॅकॉस्टिक गिटारची पोकळी मॉनिटरसमोर घुमते. भोकावर रबरी झाकण लावलं की निम्मं दुखणं जातं. त्या गिटारमधला ९ व्होल्टचा सेल बहुतेक मॉडेल्समध्ये जॅक घातला की चालू होतो. रात्रभर जॅक तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी आवाज फाटका येतो, आणि सगळे वायरीला दोष देतात. गिटार आणि कीबोर्ड लांबून मिक्सरला जोडताना मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घ्या. सातत्याने हूं असा आवाज येत असेल, तर आधी सगळी वाद्यं एकाच विजेच्या बोर्डावर आणा, मग डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (आवाजाच्या वायरीतला ग्राउंडचा जोड तोडणारं बटण) दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढायची नाही, कोणी कितीही अनुभवी माणूस सांगो. गिटारवाल्याचे हात तारांवर आणि ओठ माइकजवळ असतात, अंगातून वीज जायला तेवढं पुरे.

गिटारचा अॅम्प घोट्याजवळ ठेवला की गिटारवाल्याला तो ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवतो आणि पहिली रांग कान झाकते. अॅम्प मागे कलता करून त्याच्या कानाकडे वळवा. कानांचंही बघा: ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरलं, तर दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं उरतात. ड्रमशेजारी उभं राहणाऱ्याने इअरप्लग घालावेत. कापसाच्या बोळ्यांचा उपयोग नाही.

कार्यक्रमाचा दिवस

वेळ उलटी मोजा. सातला सुरू करायचं तर सव्वासहाला स्टेज सोडायचं, पाचला साउंड चेक, साडेचारला सगळं जोडलेलं, साडेतीनला सामान उतरवलेलं. आयोजकाला आठवडाभर आधी एका कागदावर कोण कुठे उभा राहणार याचं चित्र आणि किती माइक, किती लाइन लागणार हे पाठवा. विजेचे बोर्ड कुठे हवेत, तेही त्यातच.

नव्या तारा त्याच दिवशी चढवू नका, त्या ताणल्या जातात आणि सूर उतरत राहतो. एक-दोन दिवस आधी चढवून ओढून घ्या. बरोबर हवं ते: तारांचा पूर्ण संच आणि पहिल्या तारेचे दोन जादा तुकडे, दोन जादा जॅक वायरी, नवा सेल, ड्रमची चावी, काड्यांच्या तीन जोड्या, कीबोर्डचा अडॅप्टर, कापडी चिकटपट्टी, टॉर्च. बेस ड्रमखाली जाड सतरंजी हवी, गुळगुळीत स्टेजवर तो दर गाण्याला बोटभर पुढे सरकतो आणि चौथ्या गाण्याला ड्रमर पाय लांबवून वाजवत असतो.

साउंड चेकला अख्खं गाणं वाजवत बसू नका. सर्वांत जोरकस गाण्याचा एक मुखडा, सर्वांत हळू गाण्याचा एक अंतरा. आणि ट्यूनिंग करताना आवाज बंद ठेवा, पायाखालचा ट्यूनर त्यासाठीच असतो. तार जुळवण्याच्या त्या चाळीस सेकंदांत गायकाने काय बोलायचं हेही आधी ठरवा, दोन वाक्यं पुरतात.

चूक होणार. कोणी कडवं गाळलं तर नियम एकच: बरोबर कोण हे महत्त्वाचं नाही, गायक जिथे आहे तिथे सगळ्यांनी जायचं. चुकणाऱ्याकडे वळून पाहायचं नाही, कारण प्रेक्षक तुमच्या नजरेमागे जातात. 'मुखड्यावर चला' याची हाताची एक खूण तालमीतच ठरवून ठेवा, आमच्या मते डोक्यावर मूठ सर्वांत लांबून दिसते.

संपल्यावर आधी वायरी, मग गप्पा. वायर कोपराभोवती गुंडाळली की आतला तांब्याचा धागा पिळला जातो आणि काही महिन्यांत जॅकपाशी तुटतो. एक वेटोळं सरळ, पुढचं उलटं, अशी सैल गुंडाळा. आपल्या वायरींवर एकाच रंगाची पट्टी लावलेली असली, तर साउंडवाल्याच्या ढिगातून त्या दोन मिनिटांत वेगळ्या होतात. गाडीत बसण्याआधी एकाने स्टेजवर टॉर्च घेऊन फेरी मारावी. बहुतेक वेळा मागे राहतो तो माइकच्या स्टँडला अडकवलेला कॅपो आणि भिंतीच्या प्लगमधला कीबोर्डचा अडॅप्टर.